आवाज फोडायचा, पण कोठे?

गवयाचा आवाज फाटला तर मैफल बिघडते. घरातला रेडिओ फाटक्या आवाजात बोलू लागला तर आपण तो काखोटीला मारून दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढतो. पण इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मंडळींचा न्याय उलटा आहे. त्यांना स्वच्छ आवाज फुकट मिळतो आणि फाटका आवाज विकत घ्यावा लागतो! कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी ‘डिस्टॉर्शन’साठी काही हजार रुपये मागू लागली की आईबाप बुचकळ्यात पडतात. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे हे बुचकळ्यात पडलेले आईबाप पुष्कळदा माझ्या टेबलापाशी येऊन बसतात. “अहो, आवाज खराब करायला एवढे पैसे कशाला?” हा त्यांचा प्रश्न, आणि “पेडल घेऊ की रॅकमधला प्रीॲम्प?” हा मुलांचा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून ती एकत्रच सांगतो.

प्रथम या दोन वस्तू कशा असतात ते पाहू. पेडल म्हणजे साबणाच्या डबीपेक्षा थोडी मोठी धातूची पेटी. ती जमिनीवर ठेवायची. वर दोन-तीन फिरवायची बटणे आणि पायाने दाबायची एक कळ. गिटारची वायर तिच्या एका अंगाने आत शिरते आणि दुसऱ्या अंगाने ॲम्प्लिफायरकडे जाते. बहुतेक पेडले नऊ व्होल्टवर चालतात.

प्रीॲम्प समजण्यासाठी ॲम्प्लिफायरचे पोट उघडून पाहावे लागेल. त्यात दोन बिऱ्हाडे असतात. पहिले बिऱ्हाड गिटारकडून आलेला क्षीण प्रवाह वाढवते व त्याला वळण लावते; हा प्रीॲम्प. दुसरे त्या प्रवाहाला कर्णा हलवण्याची ताकद देते. हा पॉवर ॲम्प. पहिले बिऱ्हाड वेगळे काढून पोलादी चौकटीत बसवले की झाला रॅकमधला प्रीॲम्प. ही चौकट एकोणीस इंच रुंद. तिचा एकेक मजला पावणेदोन इंचांचा. जुन्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये यंत्रे एकावर एक रचण्यासाठी हे माप वापरीत, तेच पुढे स्टुडिओत व रंगमंचावर आले. चांगल्या प्रीॲम्पांत पुष्कळदा काचेचे व्हॉल्व्ह असतात. आजोबांच्या रेडिओत तांबूस प्रकाश देत बसायचे, त्याच जातीचे.

फाटण्यातला गोडवा

आता फाटणे म्हणजे काय? तारेपासून आलेली विजेची लहर डोंगर आणि दरीसारखी वरखाली जाते. यंत्राला जेवढी उंची पेलते त्यापेक्षा डोंगर उंच झाला की त्याचा माथा छाटला जातो. लहरीचा आकार बदलला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांचे स्वर बळावतात. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० कंपने करते. ती फाडली की २२०, ३३०, ४४०, ५५० अशी सारी भावंडे तिच्याबरोबर गाऊ लागतात.

ज्यांच्या घरी तंबोरा आहे त्यांना येथे काही तरी आठवेल. घोडीवर तार टेकते तेथे सुताचा धागा अलगद सरकवला की जवारी लागते आणि कोणी न छेडलेला स्वयंभू गंधार कानी येतो. तो खर्जाच्या पाचपट कंपनांचाच स्वर आहे. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर एक निबंध लिहिला. पाश्चात्त्य शास्त्राच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली असता एखादा उपस्वर उमटू नये, तेथेच छेडली तरी आपल्या वाद्यांत तो स्पष्ट उमटतो, आणि ही सारी घोडीच्या रुंद, किंचित वळणदार पाठीची करणी आहे, असे त्यांनी दाखवले. मिरजेचा कारागीर कानस घेऊन घोडीची पाठ घासतो, तेव्हा तोही लहरीला तिच्या सरळ वाटेवरून ढळवीतच असतो. प्रश्न असतो तो ‘किती’ एवढाच. जवारी कमी तर तंबोरा मुका. जास्त तर नुसती खरखर.

गिटारमध्ये मात्र एक अडचण अधिक आहे. दोन स्वर एकाच यंत्रातून फाडले की त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्यांचे स्वरही निर्माण होतात. ११० चा षड्ज आणि १६५ चा पंचम यांची वजाबाकी ५५; म्हणजे षड्जाचाच खालचा षड्ज. उत्तम! आवाजाला आपोआप खर्जाचा आधार मिळतो. पण षड्जाबरोबर गिटारच्या पडद्यावरचा गंधार घेतला तर तो सुमारे १३८.६ येतो, वजाबाकी २८.६, आणि हा पाहुणा कोणाच्याच नात्याचा नाही. म्हणून रॉक वाजवणारे गंधार गाळून नुसते षड्ज-पंचम ठोकतात. आपल्याला ते रांगडे वाटते, पण त्यामागे असे गणित आहे. जितके बेताने फाडावे तितके अधिक स्वर एकत्र नांदतात. म्हणूनच आवाज कोठे आणि किती पायऱ्यांनी फोडला याला महत्त्व येते.

दोन घराणी

हा आवाज प्रथम अपघाताने सापडला. १९५१ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरी ‘रॉकेट ८८’ हे गाणे मुद्रित करायचे होते. विली किझार्ट या गिटारवादकाचा ॲम्प्लिफायर वाटेत इजा होऊन आला. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स यांनी फाटक्या कर्ण्यात कागद कोंबला आणि तशाच घोगऱ्या आवाजात गाणे उरकले. ते गाणे गाजले! मग लोक मुद्दाम मोडतोड करू लागले. लिंक रे याने ‘रंबल’ या १९५८ च्या रचनेसाठी पेन्सिलीने कर्ण्याला भोके पाडली. इंग्लंडातील ‘द किंक्स’ या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिसने एका लहान ॲम्पच्या कर्ण्यावर दाढीचे पाते चालवले. तो आवाज १९६४ च्या ‘यू रियली गॉट मी’मध्ये ऐकू येतो.

नॅशव्हिल येथे तर दुरुस्तीवाल्याचीच कर्तबगारी. मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ साली गाजलेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्यात ग्रेडी मार्टिनची बास गिटार स्टुडिओच्या एका बिघडलेल्या यंत्रातून गेली आणि भुंग्यासारखी गुणगुणली. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो बिघाड ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने हुबेहूब उतरवला आणि गिब्सन कंपनीने १९६२ साली तो ‘मेस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पेटीत भरून विकायला काढला. १९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ने ही पेटी घरोघर पोचवली. पेडलांचे घराणे ते हे.

दुसऱ्या घराण्याचा मार्ग वेगळा. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर पूर्ण मोठा केला की तो आपणहून फाटतो आणि तो आवाज फार रसाळ असतो. पण त्यासाठी सारी आळी जागी करावी लागे. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ या कारागिराने १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यावर तोड काढली. त्याने प्रीॲम्पमध्ये व्हॉल्व्हची एक पायरी वाढवली आणि शेवटी आवाज लहान-मोठा करणारे निराळे बटण दिले. त्याची कंपनी ‘मेसा बूगी’ आणि त्याच्या ॲम्पचा डंका पिटणारा वादक कार्लोस सँटाना. आता आवाज फुटणार पहिल्या बिऱ्हाडात, आणि तो किती मोठा ऐकायचा ते ठरणार पुढे. फाटणे आणि मोठेपणा यांची फारकत झाली ती येथे. रॅकमधला प्रीॲम्प हे त्याच विचाराचे पुढचे पाऊल.

एक घाव की अनेक?

आता कामाची रीत पाहू. पेडल नऊ व्होल्टांच्या शिदोरीवर गिटारचा प्रवाह पुष्कळ पटींनी वाढवते आणि त्याच्या वाटेत डायोड उभे करते. सिलिकॉनच्या डायोडची खोड अशी की सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत तो गप्प असतो आणि त्यापुढे एकदम दार उघडतो. लहर तेथवर चढली की माथा छाटलाच. बॉस कंपनीच्या १९७८ सालच्या नारिंगी ‘डीएस-१’ मध्ये हीच युक्ती आहे. आयबानेझच्या हिरव्या ‘ट्यूब स्क्रीमर’मध्ये डायोड अशा जागी बसवले आहेत की घाव मऊ पडतो; शिवाय सुमारे ७२० कंपनांखालचा जाड भाग फाडण्यात फारसा येऊ देत नाहीत. (नावात ट्यूब असली तरी आत काचेचा व्हॉल्व्ह नाही, हे गिऱ्हाइकाला मला नेहमी सांगावे लागते.)

व्हॉल्व्हच्या प्रीॲम्पमध्ये हे काम पायऱ्यापायऱ्यांनी होते. अमेरिकेत ‘१२ ए एक्स ७’ आणि युरोपात ‘ई सी सी ८३’ म्हणतात त्या अंगठ्याएवढ्या काचेत दोन पायऱ्या असतात आणि त्या दोन-तीनशे व्होल्टच्या दाबावर काम करतात. पहिली पायरी लहर वाढवते. मग मध्येच थोडा जाड खर्ज गाळतात. दुसरी पायरी लहरीची एक बाजू जरा अधिक दाबते. तिच्यातून लहर उलटी होऊन बाहेर पडते, म्हणून तिसरी पायरी दुसरी बाजू दाबते. आणि शेवटी वरची तिखट टोके उतरवतात. दोन्ही बाजू अगदी सारख्या छाटल्या तर फक्त तिप्पट, पाचपट असे विषम स्वर बळावतात. व्हॉल्व्हच्या या असमान वागण्याने दुप्पट-चौपट हे सम स्वरही येतात आणि आवाजाला भरदारपणा चढतो. जात्यात एकदम चार मुठी दाणे वैरले तर भरड पडते. थोडे थोडे वैरावे तेव्हा पीठ निघते. प्रकार तोच.

हे मी सांगून पटत नाही. कानांनी ऐकावे लागते. गेल्या पावसाळ्यात बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले होते. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, घरात थकलेली आजी, भिंतीपलीकडे शेजारी. मुलीजवळ एक पेडल होते आणि आणखी दोन हवी होती. वडिलांचे म्हणणे, एकाने होत नाही ते तीनांनी कसे होईल? मी त्यांना डोळे मिटून बसायला सांगितले. एकच गिटार, एकच कर्णा. आधी पेडल, मुलीच्या सवयीप्रमाणे गेनचे बटण शेवटपर्यंत फिरवलेले. ती हळू वाजवी, मग जोरात; पण बाहेर येई तो आवाज एकाच इस्त्रीचा. नंतर रॅकमधला प्रीॲम्प, त्याचे गेन बेताचे. हळू छेडले की आवाज जवळजवळ स्वच्छ, थोडे दाबले की कडेला किनार धरी आणि झटका दिला की गरजे.

“आता ती हळू वाजवते आहे ना?” डोळे न उघडताच वडील म्हणाले. “मघाशी कळत नव्हते.”

“बाबा, हे माझ्या बोटाचं ऐकतंय!” मुलगी म्हणाली.

न्यायाने सांगितले पाहिजे की मग मी पेडलचे गेनही अर्ध्यावर आणून दाखवले. फरक कमी झाला. नाहीसा झाला नाही. ‘फझ फेस’सारखी काही जुनी पेडले तर गिटारवरचे बटण उतरवले की मोठ्या अदबीने स्वच्छ होतात. आणि प्रीॲम्पचेही गेन शेवटपर्यंत पिळले तर तो तेवढाच मठ्ठ होतो. पण पायऱ्यापायऱ्यांनी फोडलेल्या आवाजात बोटाला जागा अधिक राहते, एवढे निश्चित.

आठवण ठेवणारी कपाटे

रॅकची दुसरी मातब्बरी आठवणीची. १९८३ साली वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची ‘मिडी’ ही सांकेतिक भाषा आली. त्यानंतर १९८७ साली कॅलिफोर्नियाच्या एडीए कंपनीने ‘एमपी-१’ हा व्हॉल्व्हचा प्रीॲम्प काढला. बटणांच्या १२८ निरनिराळ्या मांडण्या तो लक्षात ठेवी. १९९१ साली मेसा बूगीचा पाच व्हॉल्व्हचा ‘ट्रायॲक्सिस’ आला आणि १९९२ साली मार्शलचा ‘जेएमपी-१’. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सकाळी प्रेमगीत आणि दुपारी धिंगाण्याचे गाणे वाजवणाऱ्या स्टीव्ह ल्यूकाथरसारख्या वादकांना हे वरदानच वाटले. पाच पेडलांवर पाय नाचवण्याऐवजी एक कळ दाबली की गेन, खर्ज, टीप, घुमारा सारे एका क्षणी बदले. अशी यंत्रे एकावर एक रचून झालेल्या कपाटांना वादक थट्टेने ‘फ्रिज’ म्हणत, कारण आकार आणि वजन दोन्ही तसेच!

पुढे काळ फिरला. निर्वाणाच्या १९९१ सालच्या ‘नेव्हरमाइंड’ने साधेपणाची लाट आणली आणि कपाटे म्हणजे श्रीमंती थाट असे तरुणांना वाटू लागले. मौज अशी की त्या लाटेचा नायक कर्ट कोबेन मैफलीत आपल्या स्वस्त नारिंगी पेडलच्या पुढे मेसा बूगीचा रॅकमधला प्रीॲम्पच वापरीत असे. ज्या दोन घराण्यांचे भांडण पोरे माझ्या टेबलावर मांडतात, ती दोन्ही त्याच्या एका वायरीवर गुण्यागोविंदाने नांदत होती.

घरात आणण्यापूर्वी

आता संसारी गोष्टी. पहिली, नुसता प्रीॲम्प ऐकू येत नाही. त्याला पॉवर ॲम्प व कर्णा हवा. घरी ॲम्प्लिफायर असेल तर त्याच्या पाठीमागे ‘इफेक्ट्स रिटर्न’ नावाचे भोक आहे का ते पाहा आणि वायर तेथे लावा. पुढच्या भोकात लावलीत तर एका प्रीॲम्पचा आवाज दुसऱ्या प्रीॲम्पमधून जाऊन चिखल होतो. निम्म्या तक्रारी येथेच मिटतात.

दुसरी, हेडफोनवर थेट ऐकू नका. गिटारचा कर्णा साधारण पाच हजार कंपनांपुढचे फारसे काही ऐकवतच नाही. तो गाळणीचे काम करतो. ती गाळणी नसली तर उत्तम प्रीॲम्पही बाटलीत कोंडलेल्या गांधीलमाशीसारखा वाटतो. कर्ण्याची नक्कल करणारे उपकरण किंवा संगणकावरचा प्रोग्रॅम मध्ये घातला की काम होते. जेएमपी-१ सारख्या काही यंत्रांत ही सोय आतच असते. शहरातल्या बिऱ्हाडात हा फायदा लहान नव्हे. आपल्याकडील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेलची मर्यादा आहे. पूर्ण मोठा केलेला पन्नास वॅटचा ॲम्प जवळून शंभराच्या वर सहज जातो.

तिसरी, ही यंत्रे आता बहुधा जुन्या बाजारातच मिळतात. अमेरिकेतून आलेले यंत्र १२० व्होल्टचे असले तर आपल्या २३० व्होल्टच्या भोकात ते क्षणभरही लावू नका. दाब उतरवणारा ट्रान्स्फॉर्मर आधी आणा. आठवण टिकवणारी छोटी बॅटरी म्हातारी झालेली असते. ती संपली की मांडण्या पुसल्या जातात, म्हणून त्या आधी कागदावर उतरवून ठेवा. आणि झाकण स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणा दाब काही काळ साठून राहतो.

चौथी, काचेतला दिवा पाहून भुलू नका. काही स्वस्त उपकरणांत व्हॉल्व्ह असतो, पण त्याला दाब इतका थोडा देतात की बिचारा शोभेपुरता उरतो. उलट, खऱ्या दाबाचे व्हॉल्व्ह प्रीॲम्प आता पेडलच्या आकारातही निघतात, आणि या सर्वांची नक्कल संगणकावरही बऱ्यापैकी होते. तात्पर्य, पेटीचा आकार पाहून आतले काम ओळखता येत नाही.

त्या बँकेतल्या गृहस्थांच्या मुलीने दोन पेडलांचा बेत सोडला. शिकवण्यांतून साठवलेल्या पैशांतून तिने एक वापरलेला प्रीॲम्प घेतला. ट्रान्स्फॉर्मरचे पैसे वडिलांनी दिले. जुने पेडल तिने टाकले नाही. त्याचे गेन अगदी कमी ठेवून ते प्रीॲम्पच्या आधी लावते आणि लागेल तेव्हा थोडा धक्का देण्यापुरते वापरते. आजी झोपल्या की हेडफोनवर सराव चालतो.

तेव्हा मुलांनी मागितलेली वस्तू पेटी आहे की कपाट, हे आईबापांनी आधी विचारू नये. “तुला आवाज कोठे फोडायचा आहे, आणि किती?” असे विचारावे. उत्तर नीट आले तर खिशात हात घालायला हरकत नाही. न आले तर आणखी सहा महिने स्वच्छ आवाजावर हात बसू द्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.